सण नसलेले रविवार

मननासाठी शास्त्रभाग : मार्क ४:२६-२९, अनुवाद २६:१-११, लूक २:२५-३८



नाताळच्या सकाळी मंदिरात उभे राहावयास जागा मिळत नाही, आणि जुलै महिन्यातल्या एखाद्या रविवारी उपदेशकाला माणसांपेक्षा बाकच अधिक दिसतात, हे सांगावयास कोणी संदेष्टा नको. आपल्या साऱ्याच मंडळ्यांचा हा अनुभव आहे. बेळगाव-खानापूरच्या बाजूला असो, गोव्यात असो, इंदूर-ग्वाल्हेरकडे असो, वडोदऱ्यात असो की हैदराबादेत. सण आला की मंडळी जमते आणि सण सरला की पांगते. वार्षिक सभेत ह्याविषयी कळकळीने बोलणे होते, एखादा ठराव होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात बाक पुन्हा तसेच रिकामे राहतात.

ह्या लेखात न येणाऱ्यांवर रागावण्याचा आपला विचार नाही. जे येत नाहीत ते हा लेख वाचणारही नाहीत, आणि त्यांच्या वाटची बोलणी जे येतात त्यांनी खावी हे काही बरे नव्हे. आपल्याला विचार करावयाचा आहे तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या रविवारी सण नसतो, पाहुणा उपदेशक नसतो, प्रीतिभोजन नसते, त्या साध्या रविवारी देव आपल्या मंडळीत कोणते काम करीत असतो? आणि त्या कामात आपला हात कितपत असतो?

वर्षाचे दोन भाग

मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होते. तेथून नाताळ, प्रकटीकरणाचा सण, राखेचा बुधवार, ४० दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा दिवस, स्वर्गारोहण आणि पेन्टेकॉस्ट अशी सणांची माळच लागते. काही मंडळ्या हा क्रम काटेकोरपणे पाळतात, काही त्यातले तीन-चार दिवसच पाळतात. परंतु ह्या पहिल्या भागात प्रभूचा जन्म, सेवा, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान ह्यांतून आपण सारे क्रमाने जातो, हे सर्वत्र सारखेच आहे.

पुनरुत्थानाचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान येतो. तो दिवस धरून मोजले असता ५० व्या दिवशी पेन्टेकॉस्ट येतो. म्हणजे १० मेच्या आधी नाही आणि १३ जूनच्या नंतर नाही. त्यापुढे मात्र आगमनकाळ येईपर्यंत मोठा सण जवळजवळ नाहीच. एक त्रैक्याचा रविवार होऊन जातो, आणि मग रविवारामागून रविवार. पेन्टेकॉस्ट लवकर आला तर असे २८ रविवार भरतात, आणि उशिरा आला तर २३. वर्षाचे रविवार ५२. म्हणजे आपल्या उपासनेच्या वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग सणांवाचून जातो! जेथे वेदीवरील व व्यासपीठावरील वस्त्रांचे रंग काळाप्रमाणे बदलतात, तेथे ह्या दिवसांत हिरवे वस्त्र घातलेले असते. हिरवा रंग वाढीचा. पहिल्या भागात जे बी पडले ते दुसऱ्या भागात वाढावयाचे, असा त्याचा अर्थ.

पेरणीच्या दिवसांतला पेन्टेकॉस्ट

आता आपण हे सारे आपल्या मातीत आणून पाहू. मंडळीचे हे पंचांग दूरच्या देशांत तयार झाले. म्हणूनच बेळगावच्या नाताळात झाडावर कापसाचे बर्फ चिकटवलेले दिसते, आणि बर्फ कधी न पाहिलेली मुले ते मोठ्या हौसेने चिकटवतात. त्यात वावगे काही नाही. पण पेन्टेकॉस्टच्या बाबतीत मात्र आपल्या देशाला एक आगळा आशीर्वाद मिळाला आहे, आणि तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

पवित्र शास्त्रातील देशात पाऊस आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढात पडत नाही. तेथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आगोटीचा पाऊस पडून जमीन नांगरणीजोगी होते, आणि मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसाने दाणा भरतो. ह्या दोन्ही पावसांची वाट पाहत धीर धरणारा शेतकरी याकोबाने आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आपल्यापुढे उभा केला आहे. वल्हांडणाच्या दिवसांत तेथे जवाची कापणी सुरू होई आणि ५० दिवसांनी गव्हाचा हंगाम हाती येई. यहूदी लोकांचा पेन्टेकॉस्ट हा मुळात कापणीचा सण. लेवीयच्या २३ व्या अध्यायात त्याचे सारे विधी आहेत. पवित्र आत्म्याचा वर्षाव झाला त्या दिवशी यरुशलेमाच्या आसपासच्या खळ्यांवर रास पडलेली असावी.

आणि आपल्याकडे? ज्या दिवसांत तेथे रास खळ्यावर येई, त्याच दिवसांत आपल्याकडे बी मातीत जाते. रोहिणी संपत आलेल्या असतात, मृग दारात असतो. गोव्यात व बेळगावकडे जूनच्या आरंभीच ढग उतरतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे त्यांना थोडा उशीर होतो. भाताच्या मुलखातले शेतकरी तर पावसाची वाटही पाहत नाहीत. आभाळ कोरडे ठाक असताना ते धूळवाफेवर बी टाकून मोकळे होतात. ते बी धुळीत पडते, वरून पाखरे टपलेली असतात, आणि पाऊस येईलच असे कोणी लिहून दिलेले नसते. तरी शेतकरी पेरतो.

म्हणून आम्हांस वाटते, आपल्या मंडळ्यांसाठी पेन्टेकॉस्ट हा पेरणीचा सण आहे. तेथून पुढचे सगळे साधे रविवार म्हणजे आपला पावसाळा. वेदीवर हिरवे वस्त्र आणि खिडकीबाहेर हिरवे शेत! शेतकरी पावसाळ्यात कधी म्हणत नाही की, आता सण नाही, तेव्हा शेतावर कशाला जावे? उलट वर्षभरातली खरी मेहनत त्याच दिवसांची. सुगीत गाव जमतो, हलगी वाजते, पाहुणेरावळे येतात. पण भांगलणीला बाईमाणूस इरले घेऊन वाफ्यात ओणवे असते तेव्हा तिचे कौतुक करावयाला बांधावर कोणी उभे नसते.

मार्काच्या ४ थ्या अध्यायात प्रभूने ह्याच दिवसांचा दाखला दिला आहे. माणूस बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. जमीन आपले काम करीत राहते. पाते दिसते, कणीस धरते, दाणा भरतो. वाढ देवाची आहे, हा ह्या दाखल्याचा दिलासा. परंतु ह्यावरून शेतकऱ्याला काम नाही असे कोणी समजू नये. वाढवणे त्याच्या हाती नसले तरी राखणे त्याच्या हाती आहे. आपल्या पावसाळी रविवारांत राखणीची तीन कामे आपल्या वाट्यास येतात.

पहिले काम : विचारपूस

शब्बाथ शाळेच्या शिक्षकाजवळ हजेरीपट असतो. पुष्कळदा तो वर्षअखेरीस बक्षिसे देण्यापुरताच उघडला जातो. हजेरीपटाचा खरा उपयोग हजर मुलांसाठी नसून गैरहजर मुलांसाठी आहे. लूकच्या १५ व्या अध्यायातल्या मेंढपाळाला १०० पैकी एक मेंढरू हरवले हे कशावरून कळले? त्याने मोजले होते म्हणून. मोजल्यावाचून हरवलेले कळत नाही.

मोठ्यांच्या उपासनेत तर हजेरीपट नसतो. एखाद्या आजीबाई दर रविवारी तिसऱ्या बाकाच्या कडेला बसत. श्रावणात त्यांच्या घरापुढची वाट शेवाळली, घसरून पडण्याच्या भीतीने त्या येईनाशा झाल्या. पहिल्या रविवारी कोणाच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या रविवारी कोणीतरी म्हणाले, मुलाकडे गेल्या असतील. पाचव्या रविवारी त्या जागेवर दुसरे कोणी बसू लागले. अशी आजीबाई कोणत्या मंडळीत नाही? प्रभुभोजनाच्या रविवारी तर त्यांच्या जिवाची किती ओढाताण होत असेल! बाप्तिस्म्यापासून ज्या मंडळीच्या अंगणात त्या वाढल्या, तिला आपली उणीव भासली नाही, हे दुःख गुडघेदुखीपेक्षा मोठे असते.

आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे. सकाळी वचनाचे चित्र पाठवले की आपले कर्तव्य झाले असे वाटू लागते. वचन पाठवणे चांगलेच. पण त्या आजीबाईंना चित्र नको, छत्री धरणारा हात हवा. २०२० साली टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद झाली आणि त्या वर्षीचा पुनरुत्थानदिन आपण घरोघर एकेकटे पाळला. त्या वेळी एकमेकांची तोंडे पाहावयास आपण किती आसुसलो होतो ते आठवा. जो घराबाहेर पडू शकत नाही त्याची टाळेबंदी अजून उठलेली नाही. आपली दारे उघडली, त्याचे दार मात्र बंदच आहे.

करण्यासारखे सोपे आहे. पावसाळ्यापूर्वी वडीलमंडळींनी व महिला मंडळाने बसून एक यादी करावी : कोणाला आणावयास जावे लागेल, कोणाच्या घरी प्रार्थना न्यावी लागेल, पाळकसाहेबांनी प्रभुभोजन कोणाकोणाच्या घरी न्यावे. मोठ्या वर्गातील दोन-दोन मुलांना एकेक घर वाटून द्यावे. मुलांनी आजीबाईंना हात धरून आणावे. त्या निमित्ताने मुलांचा पाय घरातून निघेल, आणि आजीबाईंचाही.

दुसरे काम : लेकरांच्या तोंडची भाषा

दुसऱ्या कामाविषयी बोलताना आपल्याला जपून बोलले पाहिजे, कारण त्यात अनेकांची मने गुंतलेली आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळ्यांत आज जी मुले वाढत आहेत त्यांपैकी पुष्कळांना गीतांचे पुस्तक हातात दिले तर ते वाचता येत नाही. कोणी कानडी शाळेत जातो, कोणी इंग्रजी. वडोदऱ्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, ग्वाल्हेरीस हिंदी. इंदूरच्या मुलाला अक्षर ओळखीचे असते पण शब्द परका असतो. बेळगावच्या मुलाला शब्द ओळखीचा असतो पण अक्षर परके असते. दोघेही पुस्तक उघडे धरून ओठ हलवतात आणि शेवटच्या ‘आमेन’ला मोठ्याने साथ देतात.

ह्यावर काही तरुण आईबाप विचारतात, मग उपासनाच मुलांच्या भाषेत का होऊ नये? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये त्याच्या जन्मभाषेत ऐकू आली. आत्म्याने साऱ्यांना एकच भाषा बोलावयास लावली नाही. देवाला मराठीच कळते असे नाही, आणि भाषेचा अभिमान ही काही सुवार्ता नव्हे. बेळगावातील सुवार्तेच्या कामाला लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली आरंभ केला, १९०४ साली ते काम मेथॉडिस्ट मिशनकडे आले. आणि ह्या प्रदेशात कानडी बोलणारा व मराठी बोलणारा एकाच प्रभूच्या मेजाशी बसत आला आहे. रस्त्यावर ज्या भाषांवरून भांडणे झाली, त्या दोन्ही भाषांतून येथे देवाला आळविले गेले. ही आपली साक्ष आहे आणि ती आपण मोडता कामा नये. मुलांना कळेल अशा भाषेत एखादे वचन, एखादे गीत, एखादी प्रार्थना उपासनेत खुशाल असावी.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पौल तीमथ्याला त्याच्या विश्वासाची आठवण देतो तेव्हा त्याची आजी लोइस आणि आई युनीके ह्यांची नावे घेतो. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे तीमथ्याच्या घरात दोन वळणे होती, बाजारात एक बोली आणि आजीच्या प्रार्थनेत कदाचित दुसरी. आपल्या सीमाभागातल्या मुलासारखाच तो मुलगा! पण आजीचा विश्वास नातवापर्यंत पोहोचला. आजी आणि नातू ह्यांच्यामध्ये जर बोलणेच उरले नाही, तर आजीने पन्नास वर्षे गुडघे टेकून जे मिळविले ते ती कोणाच्या ओटीत घालणार? शास्ते ह्या पुस्तकाच्या २ ऱ्या अध्यायात एक भयंकर वाक्य आहे : यहोशवाबरोबरची पिढी गेल्यावर जी पिढी उठली तिला परमेश्वराची व त्याने केलेल्या कृत्यांची ओळख नव्हती, अशा अर्थाचे. त्या लोकांनी देवाला नाकारले नव्हते. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्याला ह्या बाबतीत सबब सांगता येणार नाही. ज्या पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले, त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. साध्या बायाबापड्यांना शास्त्र कळावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि त्यांचे शास्त्र १९२४ साली छापून बाहेर आले. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची आपल्या लोकांच्या जिवाभावाची रीत उपासनेत आणली, आणि त्यांची गीते ‘उपासना संगीत’ ह्या आपल्या पुस्तकात आजही आहेत. इतके धन घरात असून लेकरे उपाशी राहिली, तर दोष धनाचा नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी पावसाळ्याचे २० रविवार हाती धरावे. दर रविवारी दहा मिनिटे पुरेत. दर पंधरवड्याला एकच गीत घ्यावे. आधी त्याचा एकेक शब्द समजावून द्यावा, मग ते वाचून घ्यावे, मग पाठ करून घ्यावे. आगमनकाळापर्यंत १० गीते मुलांच्या अंगी मुरतील. ज्या मुलाला अक्षर येत नाही त्याने ते आपल्या शाळेच्या लिपीत लिहून घेतले तरी चालेल. त्याला हसू नये. आणि प्रत्येक गीत शिकवावयास मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वर्गात बोलवावे. हे गीत तुम्ही प्रथम कोठे ऐकले, कोणत्या प्रसंगी ते तुमच्या उपयोगी पडले, असे मुलांनी त्यांना विचारावे. गीताबरोबर साक्षही पोहोचेल.

तिसरे काम : भांगलण

तिसरे काम सर्वांत अवघड. पाऊस पिकाला वाढवतो तसा तणालाही वाढवतो. सणाच्या दिवशी मंडळीतली भांडणे दिसत नाहीत. नव्या कपड्यांत आणि फराळाच्या ताटांत ती झाकली जातात. साध्या रविवारी मात्र दिसतात. एक कुटुंब डाव्या बाजूला बसते, दुसरे उजव्या बाजूला, आणि शेवटचा आशीर्वाद झाला की दोघे दोन दारांनी बाहेर पडतात. कधी निवडणुकीवरून, कधी हिशेबावरून, कधी लग्नात मान राहिला नाही म्हणून. मूळ कारण पुष्कळदा कोणालाच आठवत नाही, पण तण माजलेले असते.

भांगलणाऱ्या बाईला ठाऊक असते की, तण लहान आहे तोवर हाताने निघते. मोठे झाले की पिकाची मुळेही घेऊन येते. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात प्रभूने सांगितले की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे. लक्षात घ्या, आपल्या मनात भावाविरुद्ध काही असले तर, असे तेथे म्हटलेले नाही. त्याच्या मनात आपल्याविरुद्ध असले तरी जाणे आपणच आहे! दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी प्रभू थांबत नाही. कापणीचा सण येण्यापूर्वी, भाद्रपदातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी, चहाच्या निमित्ताने का होईना, आपण एका घराची कडी वाजवू या. तेवढे झाले तर त्या वर्षीच्या उपकारस्तुतीला निराळाच सूर लागेल.

टोपलीबरोबरची कहाणी

मग हस्ताचा पाऊस पडून जातो, आभाळ निवळते, आणि आपल्याकडे कापणीच्या सणाचे दिवस येतात. वेदीपुढे भाताच्या ओंब्या, जोंधळ्याची कणसे, रताळी, भोपळे, नारळ, कोंबड्या, अंडी ह्यांची आरास होते. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. एका नारळावर चढाओढ लागते, पोरे टाळ्या पिटतात, आणि ज्याने नारळ घेतला तो तो पुन्हा लिलावात देऊन टाकतो. मंडळीच्या वर्षात इतका हसण्याचा दिवस दुसरा नाही.

हे हसणे असावेच. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात आनंद करण्याची आज्ञाच आहे, आणि त्या आनंदात लेवी व परदेशीय ह्यांनाही घ्यावे असे सांगितले आहे. परंतु त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे. प्रथमउपजाची टोपली वेदीपुढे ठेवल्यावर इस्राएली माणसाला मुकाट्याने घरी जाता येत नसे. त्याला आपली कहाणी सांगावी लागे : आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्ही दास होतो, आम्ही रडलो, देवाने ऐकले, त्याने आम्हांला ह्या भूमीत आणले. नुसती टोपली पुरत नसे, टोपलीबरोबर कहाणी लागे.

आपल्या कित्येक घराण्यांच्या कहाणीतही दुष्काळ आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून उपाशी मुली उचलून आणून केडगावच्या मुक्तिसदनात वाढविल्या. अशा अनाथाश्रमांतून आलेल्या, गावाने बाहेर ठेवलेल्या वस्त्यांतून आलेल्या, घर-कूळ सोडून आलेल्या माणसांचीच पुढे आपली मंडळी झाली. ही कहाणी सांगावयास आपल्याला कधी कधी संकोच वाटतो. इस्राएलाला आपले दास्य सांगावयाचा संकोच वाटत नव्हता, कारण तो कहाणी स्वतःची सांगत नव्हता, देवाची सांगत होता.

म्हणून आमची सूचना अशी : ह्या वर्षी लिलावाआधी एका कुटुंबाने टोपली घेऊन वेदीपुढे उभे राहावे आणि पाच मिनिटांत आपल्या घराण्याची कहाणी सांगावी. पुढच्या वर्षी दुसऱ्याने. शहरातल्या ज्या मंडळ्यांत शेती राहिली नाही, तेथेही कहाणी तर आहेच. आणि चढाओढीच्या बोलीत ज्या विधवेने दोन अंडी आणली आहेत तिच्या अंड्यांचे मोल कोण करणार, हेही ध्यानात असू द्यावे. प्रभू दानपेटीसमोर बसून तेच तर पाहत होता.

ज्यांनी बाळाला ओळखले

आणि मग पुन्हा आगमनकाळ, पुन्हा चांदण्यांचे कंदील, करंज्या, गीते गात घरोघरी फिरणे. मंदिर पुन्हा भरते. वर्षातून एकदाच येणारे त्या दिवशी पुढच्या बाकावर बसतात, आणि बारमाही येणाऱ्यांना दारात उभे राहावे लागते. तेव्हा मनात थोडे कडू येते. येऊ देऊ नये. उधळ्या पुत्राच्या वडील भावाला शेतावरून आल्यावर तसेच कडू वाटले होते, आणि बाप त्याची समजूत घालावयास अंगणात आला होता. जे एकदा येतात त्यांना अशी जागा द्यावी की, त्यांना दुसऱ्यांदा यावेसे वाटेल.

परंतु ज्यांनी साधे रविवार राखले त्यांच्यासाठी नाताळच्या गोष्टीत एक खास प्रसंग आहे. मरीया व योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले. त्या दिवशी कोणताही मोठा सण नव्हता. गरिबाचे अर्पण घेऊन आलेले ते एक साधे जोडपे, कडेवर ४० दिवसांचे मूल. मंदिरात येणेजाणे चालूच असेल. याजक होते, विक्रेते होते, उपासक होते. त्या सगळ्यांतून त्या बाळाला दोघांनी ओळखले, असे लूक सांगतो. एक शिमोन, जो वाट पाहत होता. दुसरी हन्ना, ८४ वर्षांची विधवा, जी मंदिर सोडून कधी जात नसे. हन्ना रोज तेथे होती म्हणून त्या दिवशीही तेथे होती. प्रभू आपल्या मंदिरात आला तो सणाच्या गर्दीत आला नाही. एका साध्या दिवशी आला, आणि जी साध्या दिवशी हजर होती तिला तो दिसला.

बंधुभगिनींनो, तिसऱ्या बाकाच्या कडेला बसणाऱ्या त्या आजीबाई म्हणजे आपल्या मंडळीची हन्ना आहे. तिला हात धरून आणावयास जाणारा मुलगा उद्याचा तीमथ्य असू शकेल. ह्या दोघांची गाठ घालून देणे हेच आपल्या हिरव्या रविवारांचे काम. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. एक छत्री लागते, एक गीताचे पुस्तक लागते, आणि पाऊस पडत असताना घराबाहेर पाऊल टाकण्याची तयारी लागते.

प्रार्थना करू या

हे पेरणीच्या व कापणीच्या प्रभू, तू आम्हांला सण दिलेस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो, आणि सण नसलेले रविवार दिलेस म्हणूनही आभार मानतो. जे घरात अडकले आहेत त्यांच्या दारी आम्हांला ने. आमच्या लेकरांच्या ओठी तुझे नाव त्यांना समजेल असे घाल. आमच्यामध्ये माजलेले तण आमच्याच हातांनी उपटून टाकण्याचे धैर्य आम्हांला दे. आमच्या वाडवडिलांना तू कोठून काढलेस हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आणि ज्या साध्या दिवशी तू आमच्या मंदिरात येशील, त्या दिवशी आम्ही तेथे असू असे कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.